वाचकांचे प्रश्न : प्रोलॉगमध्ये मराठीचे व्याकरण मांडताना

गेल्या अंकात या सदरात प्रोलॉग या संगणकभाषेचा ओझरता उल्लेख आला होता. भाषेचे व्याकरण तर्काच्या नियमांत लिहून दिले, तर संगणक त्या नियमांनुसार वाक्य तपासून त्याची फोड करून देतो, एवढेच तेथे म्हटले होते. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. आजचे सदर त्या पत्रांनाच दिले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात अनेक वर्षे मराठी शिकवले. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग मुलांना समजावताना घाम फुटतो, तर ते यंत्राला कसे समजावणार? आणि मुळात व्याकरण आणि तर्कशास्त्र यांची सांगड कोणी घातली? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोल्मरोअर आणि त्यांचे सहकारी फिलिप रूसेल यांनी १९७२ मध्ये प्रोलॉग घडवली, ती फ्रेंच भाषेतील वाक्ये संगणकाला समजावीत याच हेतूने. एडिंबरा येथील रॉबर्ट कोवाल्स्की यांनी तर्कशास्त्रातील एका विशिष्ट प्रकारच्या विधानांकडे कृतीचा आदेश म्हणूनही पाहता येते, हे दाखवून दिले होते. 'अमुक खरे ठरण्यासाठी तमुक आणि ढमुक खरे असले पाहिजेत' हे विधान 'अमुक सिद्ध करायचे असेल तर आधी तमुक कर, मग ढमुक कर' असेही वाचता येते. मार्सेयला येण्यापूर्वी कोल्मरोअर माँट्रियलमध्ये होते आणि तेथे त्यांनी तयार केलेल्या नियमपद्धतीवर पुढे कॅनडातील हवामानाची वार्तापत्रे इंग्रजीतून फ्रेंचमध्ये नेणारी यंत्रणा उभी राहिली. दोन राजभाषांच्या देशात अशा कामाची निकड लवकर भासावी, हे बेळगावच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. कोल्मरोअर यांच्या व्याकरणपद्धतीचे एक सुटसुटीत रूप फर्नांडो परेरा आणि डेव्हिड वॉरन यांनी १९८० मध्ये मांडले. त्याला डेफिनिट क्लॉज ग्रामर, थोडक्यात डीसीजी, म्हणतात. आज प्रोलॉगमध्ये व्याकरण लिहिणारा प्रत्येक जण बहुधा तेच वापरतो.

आता प्रयोगांकडे वळू. आपण वर्गात जे तीन नियम फळ्यावर लिहीत होता, ते डीसीजीमध्ये असे उतरतात :

वाक्य --> कर्ता(प्रथमा, _लिंग), कर्म(_, _), क्रिया(वर्तमान, _लिंग).
वाक्य --> कर्ता(तृतीया, _), कर्म(प्रथमा, _लिंग), क्रिया(भूत, _लिंग).
वाक्य --> कर्ता(तृतीया, _), कर्म(द्वितीया, _), क्रिया(भूत, नपुंसक).

बाणाच्या डावीकडे जे सिद्ध करायचे ते आणि उजवीकडे ज्यांतून ते बनते ते घटक, असे हे वाचावे. अधोरेखेने सुरू होणारे 'लिंग' हे चल आहे. एका नियमात ते जेथे जेथे आले असेल, तेथे तेथे त्याची किंमत एकच असली पाहिजे, ही प्रोलॉगची अट आहे आणि या पद्धतीचे सगळे बळ तिच्यातच आहे. पहिल्या ओळीत कर्ता आणि क्रियापद यांच्यात एकच चल आहे, म्हणून 'मुलगी आंबा खाते' चालते आणि 'मुलगी आंबा खातो' अडकते. दुसऱ्या ओळीत तेच चल कर्म आणि क्रियापद यांच्यात गेले, म्हणून 'मुलीने आंबा खाल्ला' आणि 'मुलीने चिंच खाल्ली' ही दोन्ही वाक्ये मान्य होतात, मुलगी कर्ता असूनही. तिसऱ्या ओळीत क्रियापद कोणाकडेच पाहत नाही आणि नपुंसकलिंगीच राहते : 'मुलीने मांजराला मारले'. कर्तरी, कर्मणी आणि भावे यांतील भेद म्हणजे एक चल कोठे लिहिले आणि कोठे लिहिले नाही, एवढाच उरतो. नुसती अधोरेखा म्हणजे 'येथे काहीही असो'. वचन आणि पुरुष यांसाठी कंसात आणखी दोन जागा लागतील. वाचायला सोपे जावे म्हणून त्या येथे गाळल्या आहेत.

याखाली शब्दांची यादी द्यावी लागते :

कर्ता(प्रथमा, स्त्री) --> [मुलगी].
कर्ता(तृतीया, स्त्री) --> [मुलीने].
कर्म(प्रथमा, पु) --> [आंबा].
कर्म(प्रथमा, स्त्री) --> [चिंच].
कर्म(द्वितीया, नपुंसक) --> [मांजराला].
क्रिया(वर्तमान, स्त्री) --> [खाते].
क्रिया(भूत, पु) --> [खाल्ला].
क्रिया(भूत, स्त्री) --> [खाल्ली].
क्रिया(भूत, नपुंसक) --> [मारले].

आपल्यासारख्या जाणत्या शिक्षकाला लगेच अपवाद सुचतील आणि ते सुचलेच पाहिजेत. शिकणे, विसरणे, बोलणे, पिणे ही क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याला तृतीयेत जाऊ देत नाहीत : 'तो धडा शिकला'. त्यांच्यासाठी क्रियापदाच्या नोंदीत एक वेगळी खूण आणि वर चौथा नियम लागतो. 'मी' आणि 'तू' यांची प्रथमा आणि तृतीया एकसारखीच दिसते, म्हणून ती यादीत दोनदा लिहावी लागतात. शाळेचे व्याकरण समजूतदार वाचकासाठी लिहिलेले असते आणि त्याने न सांगितलेल्या गोष्टी वाचक स्वतः भरून घेतो. प्रोलॉग काहीही भरून घेत नाही. नियम उलट दिशेनेही चालतात, म्हणजे वाक्य न देता 'या व्याकरणातून कोणकोणती वाक्ये निघतात' असे विचारता येते. तसे विचारून पाहावे. मांजर कर्त्याच्या यादीतही आले आणि मुलगी कर्माच्या, की 'मांजराने मुलगी खाल्ली' हे वाक्य यंत्र निर्विकारपणे पुढे करते आणि आपल्या नियमांत कोणती अट राहून गेली ते उघड होते. बरोबर वाक्ये स्वीकारणारे व्याकरण कोणीही लिहील; चुकीची वाक्ये नाकारणाऱ्या व्याकरणात खरी मेहनत आहे. म्हणून अशुद्ध वाक्यांची एक वही शुद्ध वाक्यांच्या वहीइतकीच जपून ठेवावी.

प्रश्न : मी बेळगावात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. पुस्तकातील इंग्रजी उदाहरणे माझ्या संगणकावर नीट चालली. 'निपाणीच्या शेतकऱ्याच्या मुलाचे पत्र' अशा मराठी पदांसाठी तसाच नियम लिहिला, तर काही क्षणांत स्टॅकची १ जीबीची मर्यादा संपल्याचा संदेश येतो. माझे काय चुकते?

उत्तर : तुमचा नियम व्याकरण म्हणून बरोबर आहे, तो प्रोलॉगच्या चालीशी जुळत नाही. तुम्ही पाठवलेला नियम थोडा आवरून असा लिहिता येईल :

नामपद(_रूप) --> नामपद(सामान्य), षष्ठी(_रूप), नामपद(_रूप).
नामपद(_रूप) --> नाम(_रूप).
षष्ठी(सामान्य) --> [च्या].
षष्ठी(सरळ) --> [चे].
नाम(सामान्य) --> [निपाणी].
नाम(सामान्य) --> [शेतकऱ्या].
नाम(सामान्य) --> [मुला].
नाम(सरळ) --> [पत्र].

प्रोलॉग नियम वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे तपासते. नामपद सिद्ध करायला ती पहिला नियम उचलते आणि तेथे पहिलीच अट पुन्हा नामपदाची असते. ती सिद्ध करायला पुन्हा पहिला नियम, आणि तेथे पुन्हा नामपद. एकही शब्द वाचला जात नाही आणि स्मृती मात्र भरत जाते. याला डावी पुनरावृत्ती म्हणतात. इंग्रजीची उदाहरणे चालली याचे एक कारण असे, की त्या भाषेत संबंध दाखवणारी बरीचशी पदे मुख्य नामाच्या मागून येतात, त्यामुळे पुनरावृत्ती नियमाच्या उजव्या टोकाला पडते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी काही शब्द वाचून झालेले असतात. मराठीत विशेषण, षष्ठ्यंत पद आणि 'जो-तो' ची वाक्येसुद्धा बहुधा आधी येतात आणि ज्याच्याविषयी बोलायचे ते नाम शेवटी. म्हणून ही ठेच मराठीत काम करणाऱ्याला अगदी उंबरठ्यावरच लागते. जपानी भाषेचीही ठेवण अशीच आहे. तेथील मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये शब्दांपासून वर वाक्याकडे जाणारा, प्रोलॉगमध्येच बसवलेला पार्सर, म्हणजे वाक्याची फोड करणारा प्रोग्रॅम, प्रसिद्ध केला आणि त्यात डाव्या पुनरावृत्तीची अडचण उरत नाही.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे नियमच फिरवून लिहायचा : आधी एक नाम वाचा, मग 'च्या' किंवा 'चे' आणि पुढचे नाम अशी जोडी जितक्या वेळा मिळेल तितक्या वेळा वाचा आणि आतापर्यंत बनलेला वाक्यवृक्ष (कोणते पद कोणाला जोडले ते दाखवणारी आकृती) कंसातल्या एका जादा जागेतून पुढे नेत राहा. हे कोणत्याही प्रोलॉगवर चालते, पण वृक्षाचा आकार एकच ठरून जातो आणि दुसरा अर्थ हातचा जातो. दुसरी वाट टेबलिंगची. एसडब्ल्यूआय प्रोलॉग या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीत आणि त्याआधीपासून एक्सएसबी या प्रणालीत अशी सोय आहे, की एखाद्या विधेयाची (येथे 'नामपद' ची) एकदा मिळालेली उत्तरे तक्त्यात लिहून ठेवावीत आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर नव्याने सुरुवात न करता तक्त्यातून उत्तर उचलावे. फाईलच्या सुरुवातीला नामपदासाठी टेबलिंगची एक सूचना लिहिली, की तुमचा वरचा नियम अक्षरही न बदलता चालेल. मी तुम्हाला हीच वाट सुचवीन. व्याकरण आपल्याला पटते तसे लिहावे आणि ते कोणत्या क्रमाने तपासायचे ही चिंता यंत्रावर सोडावी, हा या पद्धतीचा मूळ दावा होता आणि टेबलिंगमुळे तो मराठीपुरता तरी खरा ठरतो.

तुमच्या उदाहरणात आणखी एक गंमत दडली आहे, ती मात्र सोडू नका. चार नामे ओळीने आली की दोन-दोनाचे कंस करून त्यांची मांडणी पाच प्रकारे होऊ शकते. पाच नामांची चौदा प्रकारे आणि सहांची बेचाळीस प्रकारे. म्हणजे तुमच्या पदाचे कागदावर पाच वाक्यवृक्ष निघतात. पण 'च्या' आणि 'चे' यांतला फरक पाहा. 'पत्र' हे नाम सरळ रूपात आहे, म्हणून त्याला थेट जोडले जाणारे षष्ठ्यंत पद 'चे' घेऊनच येणार. 'निपाणीच्या' आणि 'शेतकऱ्याच्या' ही पदे पत्राला जोडताच येत नाहीत, कारण तसे असते तर 'निपाणीचे' म्हटले असते. त्यामुळे निपाणी पत्राला जोडणारे दोन वृक्ष आणि शेतकरी पत्राला जोडणारा एक वृक्ष, असे तीन वृक्ष बाद होतात. उरतात दोन : निपाणीचा शेतकरी आणि त्याच्या मुलाचे पत्र, किंवा निपाणीत राहणारा कोणा शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचे पत्र. हे दोन अर्थ मराठी वाचकालाही खरोखरच जाणवतात. नियमात 'रूप' हे एक चल तीन ठिकाणी लिहिल्याने हे घडले. ते काढून पाहा आणि वृक्ष मोजा. नामपदाला आणखी एक जागा देऊन तिच्यात वृक्ष साठवला, तरच दोन उत्तरे वेगवेगळी दिसतील, कारण टेबलिंग एकसारखी उत्तरे एकदाच देते.

प्रश्न : आमच्या घरी आई, मावशी आणि आम्ही बहिणी सगळ्याच 'मी आलो', 'मी जातो' असे म्हणतो. पुण्याच्या मैत्रिणी हसतात. उद्या तुमचे यंत्रही आम्हाला अशुद्ध ठरवणार का? (शहापूर, बेळगाव येथील एक वाचक)

उत्तर : ताई, यंत्र आपणहून कोणालाच अशुद्ध ठरवत नाही, आपण लिहिलेल्या नियमांत वाक्य बसते की नाही, एवढेच ते सांगते. कोणाची मराठी नियम म्हणून लिहायची, हा निर्णय माणसाचा असतो. प्रमाण मराठीचा नियम असा :

क्रिया(पहिला, एक, पु) --> [आलो].
क्रिया(पहिला, एक, स्त्री) --> [आले].

बेळगाव-कोल्हापूरकडील तुमच्या घरच्या बोलीचा नियम असा :

क्रिया(पहिला, एक, _) --> [आलो].

दोन ओळींच्या जागी एक ओळ आली आणि लिंगाच्या जागी नुसती अधोरेखा आली. व्याकरण मोडले नाही. पहिल्या पुरुषाच्या एकवचनात लिंग पाहू नये, असा वेगळा आणि तितकाच काटेकोर नियम झाला. तिसऱ्या पुरुषात तुमच्याही घरी 'ती आला' कोणी म्हणत नाही, त्यामुळे तेथील ओळी जशाच्या तशा राहतात. कन्नडमध्येही पहिल्या पुरुषाच्या क्रियापदाला लिंग नसते : 'नानु बंदेनु' हे पुरुषही म्हणतो आणि स्त्रीही, पण तिसऱ्या पुरुषात 'बंदनु' आणि 'बंदळु' असे वेगळे होते. शेजाराचा हा परिणाम असावा असे म्हणण्याचा मोह होतो, पण डीसीजीला कारण सांगावे लागत नाही. वस्तुस्थिती नेमकी लिहिली की पुरे.

लिहिताना एक काळजी घ्यावी. बोलीचा नियम घातल्यावर प्रमाण भाषेतील 'आलो' ची जुनी ओळ काढून टाकावी, नाहीतर एकाच वाक्याची दोन उत्तरे येतात आणि वाक्य द्व्यर्थी असल्याचा भास होतो. दोन्ही बोली एकत्र ठेवायच्या असतील, तर प्रत्येक नियमाला 'बोली' नावाची आणखी एक जागा द्यावी आणि ते चल वाक्यभर एकच ठेवावे. मग हे वाक्य कोणत्या बोलीचे आहे, हेही यंत्र उत्तरात सांगते. 'मी जेवण केलो' यासारखी, कर्मणीऐवजी कर्तरीकडे झुकलेली जी वाक्ये आपल्या भागात कानावर पडतात, ती नोंदवायलाही हीच रीत उपयोगी आहे. सीमाभागातील बोलींची शब्दसूची करण्याचा उत्साह पुष्कळांना असतो, वाक्यरचनेची अशी नोंद ठेवणारे मात्र फार थोडे भेटतात, याची मला खंत वाटते. मैत्रिणी हसल्या तर हसू द्याव्यात.

प्रश्न : 'मुलाने', 'मुलांनासुद्धा', 'घरासमोरच्यांनी' असे जोडशब्द यादीत किती म्हणून लिहायचे? शिवाय 'शेतकऱ्याने' हा शब्द यादीत असूनही माझा प्रोग्रॅम कधी ओळखतो, कधी ओळखत नाही. (एक शिक्षिका, निपाणी)

उत्तर : सगळे जोडशब्द लिहू नयेत, लिहून संपणारही नाहीत. डीसीजी शब्दांच्या यादीवर चालते तशीच अक्षरचिन्हांच्या यादीवरही चालते, म्हणून वाक्याच्या व्याकरणाखाली शब्दाचे एक छोटे व्याकरण ठेवावे : मूळ शब्द, त्याचे सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय, आणि शेवटी 'च', 'ही', 'सुद्धा'. 'घर' या नपुंसकलिंगी शब्दाचे 'घरा' होते, 'आंबा' चे 'आंब्या' होते, हे सरळ आहे. काका, मामा, दादा हे आकारान्त असूनही बदलत नाहीत, म्हणून नातेवाचक शब्दांना खूण हवी. आणि 'मुलगा' चे 'मुला' होणे हा एकट्याचाच अपवाद म्हणून लिहून टाकावा. अकारान्त स्त्रीलिंगी शब्दांत नवशिके अडखळतात : 'चिंच' चे 'चिंचेला', पण 'भिंत' चे 'भिंतीला'. तेथे अनेकवचन कामी येते. ज्याचे अनेकवचन आकारान्त होते (चिंचा, माळा) त्याचे सामान्यरूप एकारान्त आणि ज्याचे ईकारान्त होते (भिंती, विहिरी) त्याचे ईकारान्त. म्हणून शब्दकोशात अनेकवचन लिहून ठेवले, की सामान्यरूप नियमाने काढता येते. 'विहीर' चे 'विहिरी' होताना मधली वेलांटी ऱ्हस्व होते, तिच्यासाठी एक वेगळा नियम लागेल.

'शेतकऱ्याने' ची भानगड व्याकरणाची नसून टंकलेखनाची आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शब्द म्हणजे चिन्हांची रांग असते. 'मुलाने' या शब्दात म, उकार, ल, काना, न आणि मात्रा अशी सहा चिन्हे आहेत. 'ऱ्या' मधला तो अर्धा र मात्र दोन रीतींनी लिहिला जातो. काही कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. काही साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, प्रोलॉगला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तुमच्या यादीत एक रूप आहे आणि वाक्ये मोबाईलवरून येताना दुसरे रूप घेऊन येत असावीत. वाक्य व्याकरणाकडे पाठवण्याआधी सगळे 'ऱ' एकाच रीतीत बदलून घेणारी दोन-चार ओळींची गाळणी लावा. हेच 'सुऱ्या', 'दऱ्या', 'कचऱ्याला' या सगळ्यांना लागू आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय पुढे जाऊच नये.

प्रश्न : यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? देवनागरीत नियम लिहिलेले चालतात का? (चिकोडी)

उत्तर : एसडब्ल्यूआय प्रोलॉग विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावर चालते. देवनागरीत लिहिलेली नावे अवतरणचिन्हांशिवाय चालतात. प्रोलॉगमध्ये चलाचे नाव रोमन मोठ्या अक्षराने किंवा अधोरेखेने सुरू होते. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्यामुळे आपल्याला अधोरेखेचाच आधार आहे.

प्रश्न : आता मोबाईलवरचे एआय मराठीत प्रश्नोत्तरे करते, भाषांतरही करते. मग १९८० ची ही पद्धत शिकण्यात वेळ का घालवावा? (अनेक वाचक)

उत्तर : सगळी मराठी हाताने नियमांत बांधायची असेल, तर वेळ घालवू नये. ती बांधता येत नाही. वर्तमानपत्राचे एक पान उघडले, तरी घरी लिहिलेले व्याकरण पहिल्या दोन परिच्छेदांत अडते आणि अडले की काहीच उत्तर देत नाही. सांख्यिकी पद्धतीवर शिकलेली प्रारूपे निदान काहीतरी उत्तर देतात. दैनंदिन वापरासाठी तीच प्रारूपे वापरावीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण ज्या कामात उत्तराचे कारण हवे, तेथे तराजू उलटतो. 'मुलीने चिंच खाल्ला' हे का चुकले, तर कर्म स्त्रीलिंगी आणि क्रियापद पुल्लिंगी, दुसऱ्या नियमातले चल जुळले नाही, असे डीसीजीच्या नियमांवर बोट ठेवून दाखवता येते आणि शंभरदा तपासले तरी कारण तेच निघते. शाळेतील प्रयोग ओळखण्याचे स्वाध्याय तपासणे, एखाद्या बोलीचे वर्णन कसोटीला लावणे, ठरावीक विषयावरच्या प्रश्नांना अचूक उत्तर देणे, ही कामे तिच्या आवाक्यातली आहेत. जिच्यात लिहिलेला मजकूर फारसा नाही, अशा बोलीसाठी तर शिकवायला पुरेशी सामग्रीच नसते आणि जाणत्या माणसाने लिहिलेले चाळीस-पन्नास नियम तेथे पुष्कळ काम करून जातात. मराठीच्या शब्दक्रमाबाबत मात्र सावध राहावे. 'आंबा मुलीने खाल्ला' हेही वाक्यच आहे. प्रत्येक क्रमासाठी वेगळा नियम लिहायला गेल्यास तीन पदांचे सहा, चार पदांचे चोवीस आणि पाच पदांचे एकशेवीस क्रम होतात. त्यापेक्षा क्रियापदाआधीची पदे कोणत्याही क्रमाने गोळा करून घ्यावीत आणि मग विभक्तीवरून कर्ता कोण, कर्म कोण ते ठरवावे. पाणिनीच्या कारकविचाराशी परिचय असलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल आणि भारतीय भाषांवर काम करणाऱ्या काही संशोधकांनी ती जाणीवपूर्वक धरलीही आहे.

प्रश्न : आमच्या दुकानात गिऱ्हाईक एक वाक्य मराठीत बोलते, दुसरे कन्नडमध्ये. एकाच व्याकरणात दोन्ही भाषा बसतील का? (संकेश्वर)

उत्तर : विषय ठरावीक असेल तर बसतात आणि चांगल्या बसतात. डीसीजीमध्ये वाक्याची फोड करता करता त्याचा अर्थही एका जागेत गोळा करता येतो. परेरा आणि वॉरन यांनीच १९८० च्या सुमारास चॅट-८० नावाचा प्रोग्रॅम केला होता. तो भूगोलावरचे इंग्रजी प्रश्न तर्काच्या विधानांत बदलून त्यांची उत्तरे माहितीसाठ्यातून काढून देत असे. आपल्याकडचा प्रश्न घेऊ : 'बेळगावहून खानापूरला गाडी कधी आहे?' कन्नडमध्ये तो 'बेळगावियिंद खानापुरक्के बस यावाग इदे?' असा होतो. दोन्हींत निघण्याचे ठिकाण, जाण्याचे ठिकाण, वाहन, प्रश्नार्थक शब्द आणि क्रियापद त्याच क्रमाने आले आहेत. म्हणून वरचा नियम एकच पुरतो :

प्रश्न(गाडी(_कुठून, _कुठे)) --> पासून(_भाषा, _कुठून), कडे(_भाषा, _कुठे), वाहन(_), कधी(_भाषा), आहे(_भाषा).
वाहन(मराठी) --> [गाडी].
वाहन(कन्नड) --> [बस].

'पासून' च्या खाली मराठीसाठी 'हून' आणि कन्नडसाठी 'इंद', 'कडे' च्या खाली 'ला' आणि 'क्के', अशा वेगळ्या ओळी येतील आणि अर्थ मात्र दोन्हींकडून एकच निघेल : गाडी(बेळगाव, खानापूर). पुढे वेळापत्रकात शोधणाऱ्या भागाला प्रश्न कोणत्या भाषेत आला, हे कळण्याचीही गरज नाही. वाहनाच्या जागी मी मुद्दाम नुसती अधोरेखा ठेवली आहे, कारण 'बस' हा शब्द आपण मराठीतही सर्रास वापरतो.

तुमच्या गिऱ्हाइकांप्रमाणे वाक्य सोडून शब्दच मिसळले जात असतील, तर सगळीकडची 'भाषा' काढून टाकण्याची घाई करू नका. तसे केले की कन्नड नामाला मराठी प्रत्यय आणि मराठी नामाला कन्नड प्रत्यय, असे सगळेच चालू लागते आणि व्याकरण काहीच नाकारत नाही. प्रत्यक्षात लोक कसे मिसळतात ते आधी काही दिवस ऐकून लिहून काढा : नाम परके घेतात की क्रियापद, प्रत्यय वाक्याच्या भाषेचा लावतात की शब्दाच्या. ज्या जागी मिसळ खरोखर होते, तेवढ्याच जागी अधोरेखा ठेवा. ती यादी तयार झाली की आमच्याकडे पाठवा. तिच्यावरून नियम बसवून पुढच्या अंकात छापू.